बोंड्याला वर्गात बसू द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सतरा वर्षं झाली नोकरीला. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट एकतीस, भिंतीला भिंत लागून अंगणवाडी. तुमच्या पेपरात डिजिटल शाळा, स्मार्ट टीव्ही, टॅब यांच्या बातम्या नेहमी येतात, चांगलंच आहे ते, टीव्ही आमच्याकडेही आहे, लाइन असली की चालतो. पण आज मला अशा एका गोष्टीबद्दल लिहायचंय जिला लाइन लागत नाही, नेट लागत नाही, घरातल्या एका जुन्या मोज्यात ती तयार होते, आणि पेपरात तिच्याबद्दल कधीच काही वाचलं नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. बाहुली. हातात घालून बोलायची बाहुली.

आमच्या बाहुलीचं नाव बोंड्या. माझ्या मिस्टरांचा राखाडी मोजा, जोडीतला दुसरा हरवलेला, डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटनं, आतून तोंडाला लाल कापड, आणि डोक्यात घरचाच कापूस, कवडी निघालेला, जो व्यापारी हातात पण धरत नाही तो. मी कापूस भरत होते तेव्हा एक पोरगा वाकून वाकून पाहत होता, तो म्हणाला "मॅडम, याच्या डोक्यात बोंड हाये," आणि सगळा वर्ग हसला, तेव्हापासून तो बोंड्या. आता पाच वर्षं झाली, दोनदा शिवून काढला, एकदा उंदरानं कान नेला तर नवीन कान लावला.

दोन वर्षांआधीची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळंच हे पत्र आहे. पहिलीत एक पोरगा आला. त्याचे वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते. कसे गेले ते मी इथं लिहीत नाही, आपल्या भागातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पोरगा रोज शाळेत यायचा, खिचडी खायचा, पाटीवर काढायला सांगितलं ते काढायचा, पण बोलायचा नाही. हजेरीला नाव घेतलं की फक्त हात वर. रडायचा पण नाही, तेच मला जास्त टोचायचं. मी जवळ बसवलं, चॉकलेट दिलं, "बोल ना रे बाळा" किती वेळा म्हटलं असेन, आणि मी जितकं विचारायची तितका तो मिटून जायचा, लाजाळूच्या पानासारखा. आता कळतं की माझं ते विचारणंच त्याला जड होत होतं, कारण मोठं माणूस समोर बसून डोळ्यात पाहून विचारतं तेव्हा लेकराला वाटतं याला काहीतरी बरोबर उत्तर पाहिजे, आणि त्याच्याजवळ तर उत्तरच नव्हतं.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. सुट्टीची घंटा झाली, पोरं पळाली, मी टेबलाशी बसून दुसऱ्या हातानं हजेरी पूर्ण करत होते, बोंड्या उजव्या हातात तसाच होता. हा पोरगा परत आला. माझ्याकडं पाहिलंच नाही त्यानं, सरळ बोंड्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला,

"तुया बाप कुठी हाये?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचा आवाज ऐकला. काय बोलावं मला सुचेना, पण बाहुलीनं गप्प बसून चालत नाही, म्हणून बोंड्या म्हणाला, "मले नाई माहीत. तुया?"

"माया बाप वावरात गेला होता. वापस नाई आला."

बोंड्यानं मान खाली घातली, म्हणजे मी माझं मनगट वाकवलं. मग पोरानं विचारलं, "तू रडतं का?"

"हो. कधीमधी. रातच्याले."

"मी नाई रडत. मी रडलो का आई रडते मंग."

एवढं बोलून त्यानं बोंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दप्तर उचललं आणि गेला. मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. सहा वर्षांचं लेकरू आईला रडू येऊ नये म्हणून तीन महिने आपलं रडणं धरून बसलं होतं, आणि आम्ही सगळे त्याला मुका समजून राहिलो होतो, गावातले काही तर बाहेरचं पाहा म्हणून सांगत होते.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या आईकडं गेले, हे सांगितलं. पुढचं त्या दोघांचं आहे, ते मी लिहिणार नाही. पण हळूहळू पोरगा बोलायला लागला, आधी फक्त बोंड्याच्या कानात, मग बोंड्याला हातात घालून बोंड्याच्या तोंडून, दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस हजेरीला "हजर" म्हणाला, स्वतःच्या तोंडून. आता तिसरीत आहे. बडबड थांबवावी लागते.

हे एकाच लेकराचं झालं असतं तर मी योगायोग समजले असते. पण पाच वर्षांत मी हे वेगवेगळ्या पोरांत इतक्या वेळा पाहिलं की आता मला पक्कं वाटतं. डी.एड.ला असताना पियाजे शिकलो होतो, लेकरांच्या मनाचा अभ्यास करणारा, दोन ते सात वर्षांच्या लेकराला निर्जीव वस्तूतही जीव वाटतो, चंद्र आपल्यामागं चालतो, खुर्ची लागली तर खुर्चीलाच मारायचं, परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. वर्गात बाहुली घातली तेव्हा समजलं ते काय होतं. आणि गंमत अशी की लेकराला ठाऊक असतं हा मॅडमचाच हात आहे, मोजाच आहे, पहिलीचं पोरगं पण सांगतं, तरी ते माझ्याशी न बोलता त्या मोज्याशी बोलतं. कारण बाहुली त्याच्याहून लहान आहे, रागावत नाही, घरी जाऊन सांगत नाही, मार्क देत नाही. आणि माझी नजर पोरावर नसते, पोराची माझ्यावर नसते, दोघंही बाहुलीकडं पाहतो, मधात एक तिसरं कोणीतरी येतं, आणि अवघड बोलणं त्या तिसऱ्याच्या अंगावर टाकता येतं.

आपल्या बायकांना हे आधीपासून माहीत होतं असं मला वाटतं. भुलाबाई आठवा. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडायच्या, गल्लीतल्या सगळ्या पोरींनी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत काय असायचं, सासुरवास, नणंद, दीर, माहेरची वाट. ज्या लेकीला आपल्या तोंडानं सासूबद्दल एक अक्षर काढायची सोय नव्हती ती भुलाबाईच्या नावानं सगळं बोलून घ्यायची आणि कोणी तिला काही म्हणायचं नाही, गाणं होतं ना ते. माझी आजी भुलाबाईच्या महिन्यात मोकळी वाटायची, लहानपणी मला कारण कळायचं नाही. आता कोणत्या गल्लीत भुलाबाई मांडतात, एखाद्या घरी, बाकी पोरी मोबाइलवर.

आणि मारबत! नागपूरची काळी-पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते म्हणतात, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सोबत बडगे म्हणजे तसलेच बाप्ये पुतळे, लाखभर लोक रस्त्यावर. गावागावांतही सकाळी ओरडत जातात, इडा पिडा, खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत. एवढा मोठा पुतळा गावभर फिरवून गावाच्या मनातला राग आणि भीती त्याच्यावर घालायची आणि शिवेबाहेर नेऊन जाळायची, हे बाहुलीचंच काम आहे, फक्त गावाच्या मापाचं. दोन वर्षांपासून आम्ही वर्गात छोटी मारबत करतो, पऱ्हाटीचा सांगाडा, त्याला जुनी साडी, पेपर. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर लिहायचं किंवा काढायचं की मारबतीनं आपल्या घरातून काय घेऊन जावं, आणि चिठ्ठी तिच्या पोटात घालायची, मी वाचणार नाही, कोणीच वाचणार नाही. पहिल्या वर्षी एका तिसरीच्या पोरीनं मुद्दाम मला दाखवून मग घातली. लिहिलं होतं "बाबाची दारू". डास, ताप, गणित, काकाचं भांडण, असं पण असतं. आम्ही ओढ्याच्या पलीकडं नेऊन जाळतो, पोरं इतक्या जोरात ओरडतात की घसे बसतात, आणि परत येताना सगळी एकदम शांत असतात, कोणी सांगितलेलं नसताना.

आता अभ्यासाचं सांगते, नाहीतर कोणी म्हणेल मॅडम रडवायलाच बाहुली आणतात.

बोंड्या गणितात कच्चा आहे. मी फळ्यावर ७ आणि ५ लिहिते, बोंड्या ठासून म्हणतो अकरा. वर्ग उसळतो. "नाई नाई, बारा!" मग बोंड्या ऐकत नाही, म्हणतो दाखव. जो पोरगा एरवी मागच्या ओळीत खाली मान घालून बसतो तो पुढं येऊन चिंचोके मांडून दाखवतो, पाच चिंचोक्यांतले तीन काढून सातात घालतो, दहा झाले, वर दोन उरले. त्यानं हे मला दाखवलं नसतं, मला तर येतंच, मला दाखवण्यात काय मजा. बोंड्याला येत नाही म्हणून शिकवायचं. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं पक्कं होतं हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे, पण एकतीस पोरांतल्या सगळ्यात मागं राहिलेल्याला शिकवायला कोण मिळणार? त्याच्याहून मागं असलेला एकटा बोंड्याच.

वाचनाचं पण तसंच. अडखळत वाचणारं पोरगं वर्गापुढं उभं केलं की बाकीचे हसतात, तर मी त्याला बोंड्याजवळ कोपऱ्यात बसवते, बोंड्याला झोपताना गोष्ट वाचून दाखव म्हणते. दहा मिनिटं वाचतात, चुकतात, परत वाचतात, कोणी टोकत नाही. एक पोरगी बोंड्याला म्हणत होती, "हे अवघड हाये, थांब, मी पुन्यांदा वाचतो." वाचताना कुठं अडलो ते ओळखायचं आणि मागं यायचं, हे मला तिला शिकवता आलं नव्हतं.

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पोडावरची म्हणजे कोलाम वस्तीवरची लेकरं येतात, घरी कोलामी बोलतात. तांड्यावरची बंजारा लेकरं गोरमाटी बोलतात. तिकडं मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं कोरकू, गडचिरोलीकडं गोंडी, माडिया. या पोरांना पहिलीत एकदम पुस्तकातलं मराठी समोर येतं आणि दोन-तीन महिने ती गप्प बसतात, आणि आपण लिहून टाकतो की प्रतिसाद नाही. एका पोडावरच्या पोरीसाठी मी एक वेगळी बाहुली केली आणि वर्गाला सांगितलं हिला मराठी येत नाही, हिला फक्त कोलामी समजते. आता सगळ्या वर्गाला त्या बाहुलीशी बोलायचं तर मधात त्या पोरीला घ्यावंच लागलं. आठ दिवसांत ती वर्गाची दुभाषी झाली, बाकी पोरं तिच्याकडून शब्द विचारून घ्यायला लागली, पाण्याला काय म्हणतात, बकरीला काय म्हणतात, मी पण तिच्या आजीकडून पाच-पंचवीस शब्द शिकून आले. ती पोरगी तोपर्यंत कधी पहिल्या रांगेत बसली नव्हती.

बाहुली कशी करायची ते पण लिहिते, कारण पत्र वाचून कोणी शिक्षक, अंगणवाडीताई, कोणाची आई करून पाहील तर बरं. विकत आणायची काहीच गरज नाही. मोजा असेल तर बोटं वर आणि अंगठा खाली घालून तोंड होतं. मोजा नसेल तर टेलरकडच्या चिंध्या, शिंपीदादा फुकट देतात. काठीची बाहुली करायची तर तुराटी घ्या, हलकी असते, पोरांच्या हातात जड होत नाही, वर जाड कागदाचा चेहरा. बोटात घालायच्या बाहुल्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या छान होतात, लग्नसराई झाली की घराघरात पडलेल्या असतात. डोकं टिकाऊ पाहिजे असेल तर पेपरची रद्दी रात्रभर भिजवून कुटून, मैद्याच्या खळीत मळून, फुग्यावर थापायची, दोन-तीन दिवस उन्हात, वैशाखात तर एका दिवसात खडखडीत वाळतं. मेथीदाण्याची थोडी पूड घातली तर किडे लागत नाहीत असं माझी सासू सांगते, धान्याचे कोनगे लिंपायला त्या घालायच्या.

चालवायची कशी हे मात्र शिकावं लागतं. बाहुली बोलताना अंगठा खाली न्यायचा, वरची बोटं उडवायची नाहीत, नाहीतर दर शब्दाला तिचं डोकं आभाळाकडं जातं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं तिचे डोळे पाहिजेत. आवाज फार चिरका काढू नका, पोरं दोन मिनिटं हसतात आणि मग काय बोलली ते ऐकतच नाहीत. आणि काम झालं की पोरांच्या समोर हातातून ओढून टेबलावर फेकू नका, मी सुरुवातीला फेकायची, एका अंगणवाडीच्या पोरानं भोकाड पसरलं, बोंड्या मेला म्हणून. आता बोंड्या "झोपायला" पिशवीत जातो, पोरं त्याला पांघरूण घालतात.

काही लेकरं बाहुलीला भितात. आपल्याकडं तर तात्या विंचू प्रत्येक पोरानं पाहिलेला असतो, रामदास पाध्यांनी तो बाहुला केला, त्यांच्या वडिलांनी केलेले अर्धवटराव पण त्याच घरचे, पण पोरांच्या लक्षात तात्या विंचूच राहतो. म्हणून पहिल्या दिवशी बाहुली कोणाच्या तोंडासमोर नेऊ नये, तिलाच लाजू द्यावं, पदराआड लपू द्यावं, मग पोरं स्वतः म्हणतात "ये ना बाहेर, आमी काई करत नाई". घाबरलेल्याला धीर देणं पोरांना लगेच जमतं. आणि आयांना माझी हात जोडून विनंती आहे की जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून "बाहुला येईन, घेऊन जाईन" अशी भीती घालू नका हो. जिच्याजवळ लेकरू मन मोकळं करणार तिलाच तुम्ही राक्षस करून ठेवता.

बाहुली डॉक्टर नाही हेही सांगायला पाहिजे. त्या पोराच्या वेळी मी त्याच्या आईला जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या विभागात जायला सांगितलं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि बाहुली हातात घालून लेकराला खोदून खोदून विचारू नये, "मग काय झालं, मग कोण होतं", असं कधीच नाही. शरीराचे खाजगी भाग, नको असलेला स्पर्श, जोरात नाही म्हणणं आणि मोठ्या माणसाला सांगणं, हे बाहुलीकडून फार सोपं शिकवता येतं, माझ्या तोंडून जे शब्द निघायला लाज वाटते ते बोंड्या बिनधास्त बोलतो. पण एखाद्या लेकरानं बाहुलीला खरंच काही वाईट सांगितलं तर शांत ऐकायचं, "तू सांगितलं ते चांगलं केलं" म्हणायचं, आणि पुढं चौकशी आपण करायची नाही, १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे, मुख्याध्यापकांना विचारून सांगते असं त्यात चालत नाही.

आता माझी तक्रार. २०२१ ला केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं, साधं गणित यावं. २०२२ ला तीन ते आठ वर्षांच्या लेकरांसाठी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात खेळ, गोष्टी, खेळणी, बाहुल्या सगळं आहे. २०२३ ला जादुई पिटारा आला, म्हणजे खेळणी, बाहुल्या, कोडी यांची पेटी. दिल्लीला सीसीआरटी म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, १९७९ पासूनची, ती शिक्षकांना बाहुल्या शिकवते. म्हणजे कागदावर सगळं आहे. आणि आमच्या एका तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये बाहुल्यांचं सत्र होतं तर दुपारी जेवणानंतर चाळीस मिनिटं पडद्यावर बाहुल्यांचे फोटो दाखवले, शंभरेक शिक्षक खुर्च्यांवर, एकाच्याही हातात एकही बाहुली आली नाही. एका शाळेत मी गेले होते तिथं खेळण्यांची पेटी कपाटात कुलपात, प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं, मॅडम म्हणाल्या, पोरं खराब करतात हो, उद्या तपासणीला काय दाखवू. त्या मॅडमचा मला राग आला नाही, मला माहीत आहे तपासणीत पेटी मोजतात, पोरांनी वापरून फाटलेली बाहुली दिसली तर शाबासकी कोणी देत नाही. माझ्याच वर्गात एक साहेब आले होते, बोंड्या बोलत होता, ते म्हणाले हा खेळ बंद करा आणि चाचणीचे गुण दाखवा. मी दाखवले. गुण चांगले होते. ते बघून गेले, पण बोंड्याबद्दल एक शब्द विचारला नाही त्यांनी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी लेकरांना पानं, फुलं, खडे, शिंपले, बिया घेऊन शिकवलं, अंगणवाडी हा शब्दच तिकडून आला. महाराष्ट्राला हे नवीन नाही. तिकडं सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी अजून कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या चालवतात, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. आपल्याकडं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं होतात, दंडार हा लोकनाट्याचा प्रकार आहे, आवाज बदलणारी, सोंग घेणारी माणसं गावागावात आहेत. यांना महिन्यातून एक दिवस शाळेत मानधन देऊन बोलवायला काय हरकत आहे? आमच्या गावातला दंडारीत काम करणारा एक म्हातारा माणूस मी बोलावला, त्यानं बोंड्याला पंधरा मिनिटांत असं चालायला शिकवलं की मी चार वर्षांत जमवलं नव्हतं, खांद्यातून श्वास घ्यायचा म्हणे, बाहुली उभी असली तरी तिचा श्वास दिसला पाहिजे.

माझं मागणं फार मोठं नाही. दर महिन्याला केंद्रावर शिक्षण परिषद होते, वर्षातल्या त्यातल्या दोन फक्त बाहुलीसाठी द्या, प्रत्येक शिक्षकानं आणि अंगणवाडीताईनं तिथं स्वतःच्या हातानं एक बाहुली करून घेऊन जायची आणि पुढच्या वेळी आपल्या वर्गात काय झालं ते सांगायचं. अंगणवाडीताईंना विसरू नका, लेकरं आमच्याआधी तीन वर्षं त्यांच्याजवळ असतात, आणि त्यांना रजिस्टर, वजन, आहार, मोबाइलमधली माहिती यातून श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि खेळण्यांचं साहित्य फाटलं, हरवलं तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही असं एका ओळीचं पत्र वरून निघालं तर कितीतरी कपाटं आपोआप उघडतील.

एक मागणं तुमच्याजवळ पण आहे. तुमच्या पेपरात पोरांसाठी कोडी, रंगवायची चित्रं येतात. त्याच जागेवर महिन्यातून एकदा बाहुलीचं चित्र छापा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं, मागं तुराटी लावायची, झाली बाहुली. शेतकरी, शेतकरीण, पोस्टमन, नर्सताई, वाघ, नीलगाय, रानडुक्कर, आपल्या पोरांना रोज दिसणारं. एक राजा-राणी कमी छापली तरी चालेल. शक्य असलं तर चेहरे थोडे वेगवेगळे ठेवा, एक हसरा, एक रागावलेला, एक रडका, कारण पोरं नेहमी रडका आधी उचलतात.

आणि ते शुक्रवारच्या अंकात आलं तर आमच्यासाठी सोयीचं. आमच्या गावात पेपर सकाळी साडेनऊच्या एसटीनं येतो, आणि २०२४ पासून शनिवार आनंददायी शनिवार आहे पण शाळा सकाळची असते, शनिवारचा पेपर हातात येईपर्यंत पोरं घरी जायच्या तयारीत असतात. शुक्रवारी चित्र आलं तर रात्रीतून मी पुठ्ठे कापून ठेवीन, खळ शिजवून ठेवीन. कात्र्या आमच्याकडं अकरा आहेत, तेवढ्यात भागतं.

आपली,
एक जिल्हा परिषद शिक्षिका,
जिल्हा यवतमाळ